फोन नवा, योजना जुनी

जबलपूर हे तळ्यांचे शहर. येथे पूर्वी बावन्न तळी होती असे सांगतात. राणीताल, अधारताल, हाथीताल, मढाताल या वस्त्यांच्या नावांत ती आजही ऐकू येतात. राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिचा मंत्री अधारसिंह याने अधारताल आणि तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, चेरीताल, अशी आख्यायिका आहे. अनेक तळी पुढे बुजली, त्यांवर घरे उठली आणि नावे तेवढी मागे राहिली. या चेरीतालात वर्षानुवर्षे एकच भ्रमणध्वनी क्रमांक बाळगणारे एखादे निवृत्त गृहस्थ वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावेत. मुलाने त्यांना नवा स्मार्टफोन घेऊन दिला आहे. गृहस्थांचा प्रश्न एकच: ‘माझी जुनी योजना राहील ना?’

प्रश्न भाबडा नाही. डिसेंबर २००५ मध्ये एअरटेलने ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम प्रीपेड’ योजना आणली आणि अन्य कंपन्यांच्या अशाच योजना त्यासुमारास बाजारात आल्या. दरमहा रिचार्ज केला नाही तर येणारे कॉलही बंद पडत, त्या काळात ही मोठीच सोय होती. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्यांनी एकदाच रक्कम भरली आणि ते निश्चिंत झाले. परंतु ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मार्च २००६ मध्ये याचा खुलासा केला. मूळ अथवा नूतनीकृत परवान्यानुसार सेवा देण्याची कंपनीला जोवर मुभा आहे, तोवर ही योजना ग्राहकाला मिळत राहिली पाहिजे. परवाना वीस वर्षांचा असे. म्हणजे आयुष्य मोजायचे ते कंपनीच्या परवान्याचे, ग्राहकाचे नव्हे!

आता फोन बदलण्याविषयी. आपल्याकडील जीएसएम पद्धतीत ग्राहकाची ओळख सिम कार्डात असते आणि त्याची योजना कंपनीच्या दप्तरी त्या क्रमांकापुढे नोंदलेली असते. मढातालच्या दुकानातून कोणताही फोन आणला तरी त्या नोंदीला धक्का लागत नाही. रिलायन्सने २००२-०३ मध्ये घरोघरी पोहोचविलेल्या सीडीएमए फोनांची गोष्ट निराळी होती. तेथे क्रमांक त्या यंत्राशीच जखडलेला असे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याहून वेगळा अनुभव आला. वरायझन कंपनीने जुलै २०११ मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटाची योजना बंद केली. जुन्या ग्राहकांची ती चालू राहिली खरी. मात्र जून २०१२ च्या अखेरीपासून जो कंपनीकडून सवलतीत नवा फोन घेईल, त्याची ही योजना संपुष्टात येऊ लागली. पूर्ण किंमत मोजून फोन घेणाऱ्याला ती राखता येत असे. सवलत पदरात पडे आणि योजना हातची जाई. आपल्याकडे फोन व सेवा यांची खरेदी बहुधा वेगवेगळी होते, त्यामुळे हा पेच सहसा उद्भवत नाही.

तथापि सिम कार्ड बदलावे लागतेच. जुन्या फोनातील मोठे कार्ड नव्या फोनाच्या चिमुकल्या खाचेत बसत नाही, आणि टू-जीच्या काळातील कार्डावर फोर-जी सेवा चालत नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्रात ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड घ्यावे. कार्ड बदलणे म्हणजे योजना बदलणे नव्हे, हे तेथे स्पष्टपणे सांगावे. कारण ‘यासोबत हा पॅकही घ्या’ असा आग्रह झाला आणि ग्राहकाने मान डोलावली, की जुनी योजना गेलीच म्हणून समजावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २०२२ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने केलेल्या नियमानुसार कार्ड बदलल्यानंतर चोवीस तास लघुसंदेश येत-जात नाहीत. दुसऱ्याच्या नावाचे कार्ड काढून त्याच्या खात्यावर डल्ला मारणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ही तरतूद आहे. परंतु तेवढा वेळ बँकेचा एकवेळचा पासवर्डही, म्हणजे ओटीपी, येणार नाही. ज्या दिवशी वीजबिल वा विम्याचा हप्ता ऑनलाइन भरायचा असेल, तो दिवस या कामासाठी निवडू नये.

कंपनी बदलली तर मात्र योजना टिकत नाही. देशभरात २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या परिमंडळातही तो नेता येऊ लागला. जबलपूरची मुलगी नागपूरला सासरी गेली तरी माहेरचा क्रमांक तिच्यासोबत राहू शकतो. जुनी योजना आणि शिल्लक रक्कम मात्र मागेच राहते. कधी कंपनीच निघून जाते. एअरसेलने जानेवारी २०१८ च्या अखेरीस मध्य प्रदेशासह सहा परिमंडळांतील सेवा थांबविली, तेव्हा तिच्या ग्राहकांपुढे क्रमांक घेऊन बाहेर पडण्यावाचून मार्ग उरला नाही.

नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्ज आवश्यक केला, तेव्हा जुने ग्राहक संतापले. खात्यात शिल्लक असलेल्यांची सेवा लगेच तोडू नये, असे ट्रायने कंपन्यांना बजावले. या रागात काहींनी रिचार्ज करणेच सोडून दिले. राग समजण्याजोगा होता. परंतु त्यात धोका होता. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँकेच्या दप्तरी तोच क्रमांक राहिला असेल, तर खात्याचे संदेश आणि ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती जाऊ लागतात. योजना गेली तर महिन्याकाठी काही रुपयांचा फरक पडेल. क्रमांक गेला तर खात्याची किल्लीच परक्याकडे जाईल. ज्यांना इंटरनेट नको आहे, त्यांना यापेक्षा सोयीचा मार्ग उपलब्ध आहे. केवळ कॉल व लघुसंदेश यांसाठी वेगळे रिचार्ज द्यावे आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल, असा निर्णय ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये दिला.

चेरीतालच्या त्या गृहस्थांनी नव्या फोनात जुन्याच क्रमांकाचे कार्ड घातले, तर बँकेत काही कळविण्याची गरज नाही. क्रमांकच बदलायचा असेल, तर आधी शाखेत लेखी अर्ज द्यावा, नव्या क्रमांकावर बँकेचा पहिला संदेश येईपर्यंत थांबावे आणि तोपर्यंत जुने कार्ड चालू ठेवावे. पती-पत्नीचे संयुक्त खाते असल्यास त्यावर कोणाचा क्रमांक नोंदलेला आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.