हिशोब उशिरा मांडला की

टॉम गॉडविन यांच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’ या १९५४ सालच्या विज्ञानकथेत एक छोटं यान दूरच्या ग्रहावर तापाने आजारी पडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन निघालेलं असतं. सामानाच्या कपाटात कुणीतरी लपलंय, हे वैमानिकाला उष्णता दाखवणाऱ्या काट्यावरून कळतं. बाहेर येते अठरा वर्षांची मॅरिलिन. दुसऱ्या तळावरच्या भावाला भेटायला चोरून चढलेली. पकडलं गेलंच तर दंड भरू, एवढीच तिची समजूत. पण इंधन अगदी तोलूनमापून भरलंय. ती यानात राहिली तर वैमानिकासकट आठ जीव जाणार, ती गेली तर एक. ती घरी पत्र लिहिते, रेडिओवर भावाशी बोलते आणि स्वतःच्या पायांनी यानाबाहेर उघडणाऱ्या कक्षात जाऊन उभी राहते.

जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं पाहणाऱ्या उपयुक्ततावादाचा हा निर्दय पण अटळ धडा, अशी या कथेची ओळख आहे. मला ती ओळख या वादाचे प्रवर्तक बेंथम आणि मिल यांच्यावर अन्याय करणारी वाटते. कृती परिणामांवरून तोलायची, तर सगळ्याच कृती तोलायला हव्यात. एकटी शेवटचीच का? दाराला एक कुलूप, उड्डाणाआधी कपाटात एक नजर, थोडं जादा इंधन यांचा खर्च एका जिवापुढे किती? हा हिशोब कथेत कुणी करत नाही. गॉडविन मुलीला वाचवायच्या युक्त्या शोधत राहिले आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत राहिले, असं सांगतात. म्हणजे ही अटळता निसर्गनियमातून आलेली नाही, ती ठरवून आणलेली आहे.

यावर कुणी म्हणेल, विचारप्रयोगात अटी बांधूनच घ्याव्या लागतात. तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ट्रॉलीच्या पेचात, म्हणजे धावती ट्रॉली पाचांवर जाऊ द्यायची की एकावर वळवायची या प्रश्नात, ब्रेक का लागत नाही, असं आपण विचारत नाही. खरं आहे. पण तो पेच चार ओळींचा आहे, त्याला आगापीछा नाही. कथेला असतो. यान कुणीतरी बांधलेलं असतं, नियम कुणीतरी केलेले असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खाटा कमी आणि रुग्ण जास्त, अशा वेळी डॉक्टरला निवड करावीच लागते. लागते, आणि म्हणूनच मी वैमानिकाला दोष देत नाही. त्या क्षणी त्याच्या हाती दुसरं काही नव्हतं. मात्र त्याची निरपराधता नियम करणाऱ्यांच्या खात्यावर जमा होता कामा नये. त्यांनी दारावर प्रवेशबंदीची पाटी लावली होती. मॅरिलिनने ती वाचलीही होती. आत गेलात तर जीव जाईल, एवढं त्या पाटीवर नव्हतं.