सुट्टी घराची, सवड आईची

मागच्या खेपेला आपण ॲरिस्टॉटलच्या 'स्कोले' या कल्पनेपाशी थांबलो होतो. ज्यांनी ते ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्कोले' म्हणजे सवड. 'स्कूल' हा शब्द त्याच्यापासूनच आला. ॲरिस्टॉटलच्या मते सवड आणि विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी. विश्रांती आपण घेतो ती उद्या पुन्हा काम करता यावं म्हणून; म्हणजे तीही कामाच्याच खात्यात जमा. सवडीत जे करतो ते मात्र दुसऱ्या कशासाठी नसतं. आता अथेन्सच्या नागरिकाला ही सवड मिळत होती कशामुळे? घरात गुलाम आणि बायका राबत होत्या म्हणून. यात त्याला काही वावगं वाटलं नाही. त्यावर एका श्रोत्या बाईंनी विचारलं, "सर, मग आमच्या घरातल्या रविवारचं काय?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

उदाहरण घेतो ते पांढरपेशा मराठी घराचं, कारण ते मी आतून पाहिलं आहे. मजुरीला जाणाऱ्या बाईचा हिशेब निराळा, तो यात बसवू नये.

माझ्या आईच्या पिढीत, म्हणजे साधारण १९५०च्या आसपास, 'कुटुंबाची करमणूक' अशी काही चीजच नव्हती. वडील संध्याकाळी पारावर किंवा वाचनालयात, मुलं गल्लीत, आणि बायकांचं जे काही असेल ते बायकांत. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर, रात्रभर झिम्मा-फुगड्या. आश्विनात हस्त लागला की पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडला, आणि शेवटी खिरापत ओळखायची. चैत्रात हळदीकुंकू. नीट बघा, यातली प्रत्येक गोष्ट देवाच्या नावानं आहे. "मला रात्रभर मैत्रिणींबरोबर खेळायचंय" असं म्हणायची सोय त्या सुनेला नव्हती; "मंगळागौरीचं जागरण आहे" म्हटलं की सासूही अडवत नसे. व्रत हा सवडीचा परवाना होता. आणि फुगडीला स्वतःपलीकडे हेतू नसतो. ॲरिस्टॉटलच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते, हे त्याला सांगायला हवं होतं!

पण म्हणून त्या काळाचे गोडवे गाऊ नका. एक तर वर्षाकाठी अशा रात्री किती? मोजक्याच. दुसरं, परवाना सौभाग्यावर होता. नवरा गेला की मंगळागौर संपली, हळदीकुंकवाचं आमंत्रण थांबलं. वयाच्या विशीत विधवा झालेल्या बाईला उरलेलं आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दारातून ते बघावं लागायचं. आमच्या घरात अशा एक आत्या होत्या. भोंडल्याची खिरापत त्याच करायच्या.

माहेरपणाचंही तसंच. लेक माहेरी येऊन आठ दिवस लोळायची, कारण तिची आई नाहीतर वहिनी उभी असायची. सवड मिळाली ती दुसऱ्या बाईकडून उसनी.

मग मधली पिढी, माझी आणि माझ्या पत्नीची. घरं लहान झाली, रविवार हा सगळ्यांचा एकत्र दिवस झाला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, १९८७ साली रविवार सकाळचं 'रामायण' आलं, आणि घर एका खोलीत, एका दिशेला तोंड करून बसू लागलं. त्यात आईही बसली, हे नवीनच होतं. पण ती बसायची ते पोहे उरकून, डाळ शिजायला लावून, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. सहलीचंही बघा. आम्ही एलटीसी घेऊन निघायचो तेव्हा सामानात दशम्या, चटणी, चिवडा आणि वातीचा स्टोव्ह. धर्मशाळेत उतरलो की आम्ही बाकीचे समुद्र बघायला, आणि ती आधी पिण्याचं पाणी बघायला. घराची सुट्टी म्हणजे तिच्या कामाची बदली, दुसऱ्या गावी. तिला विचारलं तर म्हणायची, "मजा आली." खोटं नव्हतं ते. पण आमची आणि तिची मजा एकाच जातीची होती का, हे त्या वेळी घरात कोणी विचारलं नाही.

आणि आता सूनबाईंची पिढी. स्टोव्ह गेला, जेवण हॉटेलात. तरी निघण्याआधी महिनाभर तिच्या फोनवर काय चाललेलं असतं? बुकिंग, सासऱ्यांच्या गोळ्या (म्हणजे माझ्या), धाकट्याला काय खाल्लं की पुरळ येतं, कुठल्या खोलीत कोण. आमचे चिरंजीव मदतीला तत्पर असतात, "काय काय आणू?" असं विचारतात. पण काय आणायचं हे ठरवणं हेच तर काम आहे. हात मोकळे झाले, डोकं अडकलं. शिवाय मुलांना कंटाळा येऊ न देणं हीही आता तिचीच जबाबदारी. माझ्या आईला आमच्या कंटाळ्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे माझ्या घरापुरतं आहे असं कोणी म्हणेल. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. हे पुरुष म्हणजे जे मुळात ही कामं करतात ते, चारांतला जेमतेम एक. २०२४ला आकडे २८९ आणि ८८ झाले. दोन्ही थोडे उतरले, अंतर जवळपास जिथल्या तिथे. आणि डोक्यात चाललेली जुळवाजुळव अशा मोजणीत फारशी सापडत नाही, कारण भाजी चिरताचिरताच ती चालू असते.

मग त्या श्रोत्या बाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. तीन पिढ्यांत आई कुटुंबाच्या करमणुकीत शिरली, हा लाभच आहे, आणि तो सौभाग्यावर अवलंबून नाही. पण शिरली ती व्यवस्थापक म्हणून. शिरताना तिची वेगळी जागा मात्र गेली, जिथे तिला कोणी आई म्हणून हाक मारत नव्हतं. हल्ली खास बायकांच्या सहली निघतात, त्या भरतात. काही पुरुष त्यावर विनोद करतात. मला त्यात मंगळागौर दिसते, परवान्याशिवायची. तिथेही फोन वाजतोच म्हणा, "गॅसचं कार्ड कुठे ठेवलंयस?"

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.