पामला पाणी कधी घालावं?

फ्लॅटमध्ये फार देखभाल न लागणारं झाड कुठलं, असं कुणी विचारलं की मी रॅफिस पामचं नाव घेतो. एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनातून पुणेकर हौसेनं कुंड्या घरी नेतात. पण 'पावसाळ्यात पाम पिवळा पडला, पाणी तर रोज घालतो,' ही तक्रारही मी नेहमी ऐकतो. खरं कारण त्या 'रोज'मध्येच आहे.

हा पाम मूळचा दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचा. तिथल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत तो वाढतो. म्हणून त्याला खिडकीजवळचा मंद उजेड पुरतो. दुपारच्या कडक उन्हात मात्र पानं करपतात. सावलीतलं झाड हळू वाढतं आणि पाणीही कमी पितं. रोज पाणी घातलं, तर मातीतल्या पोकळ्या भरून जातात, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं सुकल्यासारखी दिसतात. आपल्याला वाटतं, झाड तहानलेलं आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो!

यावर उपाय सोपा आहे. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली, तर पाणी नको. माती कोरडी असेल, तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये ही वेळ लवकर येते, पावसाळ्यात खूप उशिरा. म्हणून वार ठरवू नका, बोटावर विश्वास ठेवा.

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी अर्ध्या तासानं ओतून द्या. त्यानं मुळं वाचतीलच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडीही करा. अंडी तिच्या कडेला चिकटून राहतात.

पानांची टोकं तपकिरी झाली, तर तेवढीच कातरा. खोडाचा शेंडा मात्र छाटू नका; शेंडा गेलेलं खोड पुन्हा वाढत नाही. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा आणि जून महिन्यात मूठभर गांडूळखत द्या. एवढं केलंत की बाकीचे दिवस त्याला खुशाल विसरा.