नशिबाचा वाटा

साताऱ्या-सांगलीकडे नशिबाला शब्द कमी नाहीत. कपाळ, भोग, दैव, प्रारब्ध, सटवीचा लेख. पोरगं नापास झालं की नशीब, बोअर कोरडी गेली की नशीब, ऊस तोडायला टोळी वेळेवर आली नाही तरी नशीबच. त्यावरून हा मुलूखच दैववादी, असं बाहेरचे खुशाल ठरवून टाकतात.

नशीब हा शब्द पुष्कळांना पोथ्यापुराणांतला वाटतो. तो मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. किस्मतही त्याच घरची. तिच्या मुळाशी वाटणी आहे. प्रारब्धाचं उलट झालं. शब्द शास्त्रातला, पण आपण तो अर्धाच उचलला. वेदान्तात साठलेलं कर्म ते संचित, त्यातलं फळायला लागलेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. बोलण्यातून नेमका हा तिसरा शब्द गळाला. सोयीचंच होतं म्हणा!

सटवी बाळाच्या कपाळावर जन्माचा लेख लिहिते, म्हणून पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. ती रात्र जागवण्याची रीत निव्वळ भाबडेपणाची, असा सुशिक्षितांचा समज. पण त्याच दिवसांत खरोखर बाळं दगावत. नाळ कापायला विळा नाहीतर जुनं पातं, वर राखेचा लेप. त्यातून धनुर्वात होई आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच बाळ आखडून जाई. लोकांनी धोक्याची वेळ बरोबर ओळखली होती, कारण मात्र ठाऊक नव्हतं. गरोदरपणी आईला दिलेली लस, निर्जंतुक पातं आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी तो लेख बदलला. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. पाचवी अजून पुजतात. त्यात वावगं काही नाही, लस चुकवली नाही म्हणजे झालं.

संतांनीच लोकांना दैवावर हवाला ठेवायला शिकवलं, हा आणखी एक लाडका समज. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या रामदासांच्या दासबोधात, एकोणिसाव्या दशकात, करंटलक्षण आणि सदेवलक्षण असे लागोपाठ दोन समास आहेत. आपण करंटा म्हणतो ते फुटक्या नशिबाच्या माणसाला. समर्थांचा करंटा ओळखायचा तो त्याच्या आळसावरून, शिकायच्या कंटाळ्यावरून, वागण्याबोलण्यावरून. पत्रिका मागायची गरज पडत नाही. त्याच दशकात पुढे यत्नावर वेगळा समास आहे.

पत्रिकेचं म्हणाल, तर तिची परीक्षाही झाली आहे. 2008 साली डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर तिच्यात सहभागी होते. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन कुठली कोणाची, एवढंच सांगायला लावलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. छापा-काटा केला असता तरी निम्मी जुळली असती.

राहिलं पाणी. ‘आमच्या नशिबातच दुष्काळ’ हे वाक्य माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत ऐकू येतं. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये 500 च्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पूर्वेकडचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. एवढा भाग भूगोलाचा. बाकीचा मात्र वाटणीचा. खटावात उगम पावणारी येरळा खाली सांगली जिल्ह्यात येते. तिथे तिची वाळू ठेकेदार नेत होते आणि विहिरी आटत होत्या. 1980 च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने लढा दिला, थोडी वाळू स्वतः विकायची परवानगी मिळवली आणि त्या पैशावर बळीराजा स्मृती धरण उभं केलं. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, ज्याच्याकडे गुंठाभरही रान नाही त्या घरालाही हक्काचा वाटा द्यायचा, असं तत्त्व त्यांनी धरलं.