शाळा बंद, गुणपत्रिका सुरू

परीक्षाच झाली नाही, तर गुण कशाचे द्यायचे? कोरोनाच्या काळात हा प्रश्न महाराष्ट्रापुढे दोनदा आला. २०२० साली दहावीचा फक्त भूगोलाचा पेपर राहिला होता. तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण दिले गेले. २०२१ साली मात्र दहावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली.

मग सूत्र ठरले. शंभरांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि २० गृहपाठ, तोंडी वा प्रात्यक्षिकावरून.

आता आपल्याकडची रीत आठवा. नववी जेमतेम काढायची आणि दहावीला कंबर कसायची! उशिरा जाग येणाऱ्या मुलाला तेवढीच एक संधी असते. या सूत्राने मागे पडलेली नववी एकदम निम्म्या गुणांची धनी झाली. त्यातही या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा २०२० मध्ये झालीच नव्हती.

१६ जुलै २०२१ ला निकाल लागला, ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी तो ९५.३० होता. ९५७ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. हाती होते त्यावरूनच त्यांनी गुण दिले. पण अकरावीच्या दारात आता पुढे कोण आणि मागे कोण? शासनाने २१ ऑगस्टला ऐच्छिक प्रवेश परीक्षा ठेवली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रवेश त्याच गुणांवर झाले.

गुण दोन कामे करतात. रांगेतली जागा ठरवतात आणि मुलाला काय येते, काय येत नाही ते सांगतात. शाळा बंद असली की पहिले काम कसेबसे उरकते, दुसरे राहून जाते. गणितात ऐंशी पडलेल्या मुलाला वर्गसमीकरण सुटते का, हे गुणपत्रिका सांगत नाही. त्या जुलैत राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, पण तो दुसरी ते दहावीसाठी. अकरावीत जाणाऱ्याने आपला सेतू आपणच बांधायचा होता.

पुराने म्हणा, साथीने म्हणा, शाळा पुन्हाही बंद पडतील. म्हणून चाचण्या, वह्या, तोंडी परीक्षा यांची नोंद शाळेने जूनपासूनच नीट ठेवावी. आणि पालकांनी मूल वरच्या वर्गात गेले की मागच्या वर्गाची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्यावी. ते गुण कोणाला दाखवायचे नाहीत. पाया कुठे कच्चा आहे, तेवढे पाहायचे आणि तिथून अभ्यासाला लागायचे.