पिंजऱ्यातली झुंज आणि निर्वासितांची पोरं: ऐकीव किती, खरं किती

वडशाहून गोंदियाच्या दिशेनं काही स्टेशनं मागे टाकली की अर्जुनी मोरगाव येतं. याच तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वस्ती आहे. ती १९७२ साली वसली. तालुका एकच, पण अरुणनगर, गौरनगर या वस्त्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या. दक्षिणेला चामोर्शी आणि मुलचेऱ्यातही बंगाली गावं आहेत. वडशाच्या बाजारपेठेत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची दुकानं आहेत, पण त्यांना आता कुणी निर्वासित म्हणत नाही. म्हणजे निर्वासित हा आपल्याकडे केवळ पेपरात वाचायचा विषय नाही. शाळेत तो बाकावर शेजारी बसतो आणि हिवाळ्यात स्वेटरच्या दुकानात समोर उभा असतो.

तरीही याच भागातली पोरं मोबाइलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यातल्या झुंजी बघताना एखाद्या ‘छावणीतून आलेल्या’ फायटरबद्दल बोलू लागली की ऐकीव गोष्टींचा पूर येतो. नियम नसतात, सगळं आधी ठरलेलं असतं, निर्वासिताच्या पोटी जन्मला म्हणून रागानं लढतो, एक झुंज जिंकली की कोट्यधीश, आणि आपल्याकडच्या तिबेटी पोराला तर ते शक्यच नाही. यातली एकेक गोष्ट तपासून बघू. त्यासाठी ज्याची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवता येते असा एक माणूस घेऊ: व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेला फायटर कुंग ले.

“मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे बिननियमाची मारामारी”

हा समज जिथून आला ती गोष्ट खरी आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर शहरात यूएफसी या झुंजींच्या आयोजकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. वजनगट नव्हते आणि हातमोज्यांची सक्ती नव्हती. त्या खेळावर अमेरिकेतच एवढी टीका झाली की अनेक राज्यांनी त्याला दारं बंद केली. पुढे २००० च्या सुमारास न्यू जर्सी राज्यात एकत्रित नियम तयार झाले आणि खेळ बदलला. आज साधी झुंज पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडची असते, किताबाची पाच राउंडची. वजन आदल्या दिवशी काट्यावर मोजतात. डोळ्यांत बोट घालणं, मानेच्या मणक्यावर किंवा डोक्याच्या मागे मारणं, चावणं, कमरेखाली मारणं हे सगळे फाऊल आहेत. पंच झुंज थांबवू शकतो, डॉक्टर थांबवू शकतो आणि खेळाडूच्या कोपऱ्यातली माणसंही थांबवू शकतात. अंगावर दोन थापा मारून हार मान्य केली की झुंज तिथेच संपते.

ज्यानं मॅटवर किंवा लाल मातीत कुस्ती बघितली आहे त्याला यातलं निम्मं लगेच कळतं. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली घेणं, पाठीवर ताबा घेणं, मानेची पकड हे सगळं ओळखीचं. फरक एवढाच की कुस्ती चितपटीला संपते आणि इथे पाठ टेकल्यावर अर्धी लढत बाकी असते.

धोका आहेच. तो लपवण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दहा वर्षांतल्या झुंजींनंतरच्या तपासण्या पाहिल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंपैकी ५९.४ टक्क्यांना काही ना काही इजा झाली होती, बॉक्सिंगमध्ये ४९.८ टक्क्यांना. मात्र शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सिंगमध्ये ७.१ टक्के आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये ४.२ टक्के निघालं. चेहरा फुटतो, हाड मोडतं, पण डोक्याला बसणारा मार बॉक्सिंगमध्ये जास्त. ज्या आईबापांना पोराची काळजी आहे त्यांनी हे दोन्ही आकडे एकत्र बघावेत. एकच आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

‘सगळं ठरलेलं असतं’ या समजाचं उत्तर थोडक्यात देता येतं. तो गोंधळ डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कार्यक्रमामुळे होतो. तिथे निकाल आधीच लिहिलेला असतो आणि ते लोक ते लपवतही नाहीत. वडसा तर झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. संहिता आणि तालीम म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. यूएफसीतल्या झुंजीला संहिता नसते. निकाल पिंजऱ्यात लागतो, नाहीतर तीन परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर.

“निर्वासिताचं पोर, म्हणून रागानं लढतं”

हा समज सगळ्यात गोड वाटतो, म्हणून तो सगळ्यात चिवट आहे. दुःख भोगलं, रक्त तापलं, मुठी आवळल्या आणि जगज्जेता झाला, अशी ती गोष्ट. कुंग लेचं आयुष्य नीट वाचलं की ती गळून पडते.

त्याचा जन्म २५ मे १९७२ चा, सायगावचा. म्हणजे नॉर्ग्येलिंग वसली त्याच वर्षाचा. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडायला तीन दिवस उरले असताना आईनं त्याला घेऊन हेलिकॉप्टरनं देश सोडला. तो तीन वर्षांचाही नव्हता. फिलिपिन्समधल्या निर्वासित छावणीतून हे मायलेक अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सान होजे शहरात पोचले. शाळेत व्हिएतनामी म्हणून पोरं त्याला चिडवायची, मारायची. तो दहा वर्षांचा असताना आईनं त्याला तायक्वांदोच्या वर्गात घातलं. पोरानं कुणाला तरी मारावं म्हणून नव्हे, त्यानं स्वतःला सांभाळावं म्हणून.

इथून पुढची वर्षं मोजा. आधी शाळेत कुस्ती, मग वेस्ट व्हॅली कॉलेजात कुस्ती. १९९० मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक महाविद्यालयांच्या स्पर्धेत १५८ पौंड गटात राज्यविजेता झाला. मग सांदा, म्हणजे वुशूतला लढतीचा प्रकार. ठोसे, लाथा आणि उचलून आपटणं, तिन्ही त्यात चालतं. तायक्वांदोची लाथ आणि कुस्तीचा पट हे दोन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला हा खेळ जणू मोजून शिवलेला होता. निर्वासित म्हणून आलेला हा मुलगा अमेरिकेच्या संघातून जागतिक वुशू स्पर्धांत उतरला आणि १९९५, १९९७ आणि १९९९ अशी तीन कांस्यपदकं घेऊन आला. दोन्ही पायांची कात्री करून समोरच्याला खाली पाडण्याचा त्याचा डाव आजही प्रशिक्षक पोरांना दाखवतात.

मिक्स्ड मार्शल आर्ट्समधली त्याची पहिली झुंज १० मार्च २००६ ची. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. पहिल्या तायक्वांदोच्या वर्गापासून तिथवर वीसहून जास्त वर्षं गेली होती. राग एवढा काळ टिकत नाही. रोजचा सराव टिकतो, फी भरणारी आई टिकते, शाळेतली मॅट आणि शिकवणारा माणूस टिकतो. निर्वासितपणानं त्याला काही दिलं असेल तर ते सुरुवातीचं कारण. पुढचं सगळं सान होजेच्या शाळा-कॉलेजांनी आणि तालमींनी दिलं, आणि ते त्या शहरातल्या बाकीच्या पोरांइतकंच त्याच्याही वाट्याला आलं. मला तरी ही गोष्ट रागाच्या गोष्टीपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण ती आपल्याकडेही करता येण्यासारखी आहे.

२९ मार्च २००८ ला सान होजेतच त्याची फ्रँक शॅमरॉकशी झुंज झाली. शॅमरॉक त्या काळातलं मोठं नाव. ले एकाच बाजूनं लाथा मारत राहिला आणि शॅमरॉक त्या हातावर झेलत राहिला. तिसरा राउंड संपला तेव्हा शॅमरॉकचा हात मोडलेला होता आणि चौथ्यासाठी तो उठू शकला नाही. स्ट्राइकफोर्स या आयोजकाचा मिडलवेट किताब लेकडे आला. पुढे सिनेमात काम करायचं म्हणून त्यानं तो सोडला. मग यूएफसीत आला. १० नोव्हेंबर २०१२ ला मकाऊत माजी विजेत्या रिच फ्रँकलिनला त्यानं पहिल्याच राउंडमध्ये एका ठोशात झोपवलं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच मकाऊत मायकेल बिस्पिंगनं त्याला हरवलं आणि ती शेवटची झुंज ठरली. एकूण ९ विजय, ३ पराभव. त्या शेवटच्या झुंजीनंतर उत्तेजकाच्या आरोपावरून त्याला निलंबित केलं गेलं. पण काही आठवड्यांत यूएफसीनं स्वतःच ते निलंबन मागे घेतलं, कारण चाचणीचा तो निकाल पुरावा म्हणून पुरेसा नव्हता. निलंबनाची बातमी गाजली, मागे घेतल्याची गाजली नाही. म्हणून आजही काहीजण ‘तो पकडला गेला होता’ असं सांगतात.

“एक झुंज जिंकली की कोट्यधीश”

डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ले, नेट क्वारी आणि जॉन फिच यांनी यूएफसीच्या मालक कंपनीवर अमेरिकेत मक्तेदारीविरोधी दावा ठोकला. म्हणणं साधं होतं: कंपनीनं प्रतिस्पर्धी आयोजक विकत घेऊन आणि लांबलचक करारांत खेळाडूंना बांधून बाजार ताब्यात घेतला, त्यामुळे खेळाडूला मिळायला हवा त्याहून फार कमी मोबदला मिळतो. कंपनीच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, असं त्यांच्या वकिलांनी मांडलं. अमेरिकेतल्या बास्केटबॉल किंवा फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये हा वाटा निम्म्याच्या आसपास असतो.

दावा दहा वर्षं चालला. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ३३.५ कोटी डॉलरची तडजोड फेटाळली. मग ३७.५ कोटी डॉलरवर बोलणी ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. आपल्या पैशांत ती रक्कम तीन हजार कोटी रुपयांहून जास्त होते आणि ती डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात लढलेल्या सुमारे ११०० खेळाडूंसाठी आहे. त्या खटल्यावर पहिलं नाव ‘ले’ आहे. तीन वर्षांचा होण्याआधी देश सोडावा लागलेल्या माणसानं आपल्या व्यवसायातल्या अकराशे जणांचा मोबदला मागून घेतला. किताबापेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

भारतात तर पैशाच्याही आधी यूएफसीत पोचण्याचाच प्रश्न आहे. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. भारतातून तिथवर पोचलेला तो पहिला. सोंग यादोंगपुढे तो पहिल्याच राउंडमध्ये गळपकडीत हरला. यूएफसीत भारतीय स्त्रीचा पहिला विजय जून २०२४ मधला, पूजा तोमरचा, आणि तीही वुशूतूनच आलेली. म्हणजे कुंग लेचा रस्ता आपल्याकडेही चालतो. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, वुशू हे शालेय स्पर्धांतले खेळ आहेत. पोराला पिंजरा खुणावत असेल तर सुरुवात इथून करावी.

“निर्वासिताला देशच नाही, मग तो लढणार कुणाकडून?”

व्यावसायिक झुंजीत खेळाडू कुठल्याही देशाच्या संघातून लढत नाही. तो आयोजकाशी करार करतो. झेंडा असतो तो फक्त पडद्यावर. देश लागतो तो ऑलिंपिकसारख्या ठिकाणी. तिथेही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून निर्वासितांचा स्वतंत्र संघ उतरतो. पॅरिसला २०२४ मध्ये त्या संघाला पहिलं पदक मिळालं ते बॉक्सिंगमध्ये. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या सिंडी न्गाम्बानं ७५ किलो गटात कांस्य जिंकलं.

खरी अडचण प्रवासाच्या कागदाची. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तिबेटींकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि परदेशी जायचं तर पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखप्रमाणपत्र काढावं लागतं. पासपोर्टच्या जागी ते चालतं, पण दरवेळी आधी परवानग्यांची साखळी. ज्या खेळात प्रतिस्पर्धी जखमी झाला की दोन-तीन आठवड्यांच्या बोलीवर दुसऱ्याला बोलावतात, तिथे हा वेळ कारकीर्द खाऊन टाकतो. बंगाली कुटुंबांचा कागद निराळा. त्यांतल्या नागरिकत्व असलेल्या नामशूद्र जातीच्या घरांतही जातीच्या दाखल्याचा प्रश्न उरतो, कारण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ही जात नाही.

पण ‘तिबेटी म्हणजे परदेशी’ हेही सरसकट खरं नाही. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानंच भारतीय नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात हे तिबेटींनाही लागू आहे असं सांगितलं आणि २०१६ मध्ये पुन्हा तेच ठणकावलं. म्हणजे नॉर्ग्येलिंगमध्ये १९७५ साली जन्मलेली बाई कायद्यानं भारतीय आहे. तिचं मूल १९९८ मध्ये इथेच जन्मलं असेल तर तेही भारतीय, कारण १ जुलै १९८७ नंतर आईबापांपैकी एक नागरिक असणं पुरेसं होतं. डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी आणखी एक अट आली: दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा.

पासपोर्ट मागितला की मात्र नोंदणी प्रमाणपत्र परत करावं लागतं. २०१७ मध्ये सरकारनं वस्तीत राहणं आणि निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या सवलती सोडण्याच्या अटीही घातल्या. वस्तीतलं घर, आजीची सोबत, आपण तिबेटी आहोत याची खूण एका बाजूला आणि पासपोर्ट दुसऱ्या बाजूला. अनेक तिबेटी जाणीवपूर्वक पासपोर्ट घेत नाहीत, आणि त्यांच्या त्या निर्णयाला ‘यांना भारत आपला वाटत नाही’ असं म्हणणं हा आणखी एक गैरसमज आहे. ज्याला घ्यायचा आहे त्यानं आईवडिलांचे जन्मदाखले आधी काढून ठेवावेत. १९७२ ते १९८७ या काळातला नॉर्ग्येलिंगचा एक जन्मदाखला दोन पिढ्यांचं नागरिकत्व सिद्ध करू शकतो.