बर्फ, मीठ आणि आईस्क्रीमचा संचा



चैत्र सरून वैशाखाची झळ लागू लागली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि भाचरे-पुतणी घरी जमली, म्हणजे एखाद्या शनिवारी किंवा रविवारी घरातील वडीलधारे माळ्याकडे पाहू लागतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या माळ्यावर एक लाकडी बादली असते. तिच्यात कल्हईचा उभट डबा, डब्यात वल्ह्यांचा पंखा आणि वर दात्यांच्या चाकांचे हँडल. पुण्या-मुंबईकडील मंडळी याला आईस्क्रीमचे पॉट म्हणतात. गुजरातीत हाच संचो, आणि बडोद्याच्या शेजारधर्माने आपल्याही तोंडी संचा. आज कोपऱ्यावरच्या दुकानात हवे ते आईस्क्रीम मिळते आणि घरोघरी शीतकपाट आहे. तरीही गच्चीवर दहा-बारा जणांनी पाळीपाळीने संचा फिरवून केलेले आईस्क्रीम खाण्याची हौस अनेकांना आहे, आणि ती हौस मला रास्त वाटते. मात्र त्या बादलीत नेमके काय घडते याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. त्यामुळे कधी आईस्क्रीम जमतच नाही. कधी ते जमते, पण दुसऱ्या दिवशी घरातील निम्मी मुले पोट धरून बसतात.

पहिला गैरसमज बर्फाविषयीचा. नुसत्या बर्फात डबा कितीही वेळ ठेवला तरी आईस्क्रीम होणार नाही. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो. दुधात साखर विरघळलेली असल्यामुळे ते शून्यावर गोठत नाही. त्यास शून्याखाली दोन-अडीच अंश जावे लागते, आणि खाण्याजोगे घट्ट होण्यास त्याहूनही खाली. म्हणजे शून्य अंशाच्या बर्फाकडून शून्याखालचे काम करवून घ्यावयाचे आहे. ते मीठ करवून घेते.

मीठ स्वतः थंड नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. बर्फाच्या खड्यावर नेहमीच पाण्याचा पातळ थर असतो. मीठ त्या थरात विरघळते. खारे पाणी शून्यावर गोठू शकत नाही, त्यामुळे त्याला लागून असलेला बर्फ भराभर वितळू लागतो. वितळण्यास उष्णता हवी. एक किलो बर्फाचे पाणी होण्यास सुमारे 80 किलोकॅलरी लागतात. ही उष्णता बाहेरून पुरेशी मिळत नाही, कारण बादली लाकडाची आहे आणि लाकूड उष्णतेस सहजी वाट देत नाही. मग बर्फ ती उष्णता खाऱ्या पाण्यातून ओढतो, स्वतःतून ओढतो आणि धातूच्या पातळ डब्यातून आतल्या दुधातून ओढतो. दूध गार होते ते एवढ्यासाठी. शास्त्रीय मापाने तीन भाग बर्फास एक भाग मीठ घेतले, तर हे मिश्रण शून्याखाली सुमारे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. थोडक्यात, बर्फ टिकून नव्हे, तर वितळून थंडी देतो. संचा फिरवताना बर्फाचे पाणी होताना पाहून हळहळणाऱ्या आणि ते पाणी सारखे उपसून टाकणाऱ्या गृहस्थांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे. ते खारे पाणीच डब्याला चहूबाजूंनी भिडलेले असते. नुसते खडे डब्याला चार ठिकाणी टेकतात, मध्ये हवाच असते.

अशाच एका युक्तीचा उपयोग आपल्या देशात जुना आहे. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याच्या योगाने पाणी गार करण्याची रीत वर्णिली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. तेथे बर्फाचे कारणच पडत नाही. हाताने फिरवावयाचा संचा मात्र बराच अलीकडचा. त्याचे पेटंट अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी 1843 साली घेतले. त्यापूर्वी बर्फ-मिठात रोवलेले भांडे हातानेच गरगर फिरवीत आणि दर थोड्या वेळाने झाकण काढून कडेला धरलेला थर खरवडीत. जॉन्सनबाईंनी हे खरवडणे डब्याच्या आत नेले आणि झाकण बंद राहू दिले. बर्फ-मिठाच्या रगाड्यात सारखे झाकण उघडणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्यास या सुधारणेची किंमत वेगळी सांगावयास नको.

पण फिरवावयाचे कशासाठी? दूध स्वस्थ गोठू दिले, तर त्यातील पाण्याचे लांब, टोकदार स्फटिक बनतात आणि जिभेला बर्फाचा चुरा लागतो. डब्याच्या भिंतीशी पहिला पापुद्रा धरतो न धरतो तोच वल्ह्याने तो खरवडून मधल्या दुधात ढकलला, तर स्फटिक मोठे होण्यापूर्वीच विखुरतात. शिवाय फिरताना थोडी हवाही आत मिसळते आणि आईस्क्रीम हलके होते. आपली कुल्फी या साऱ्यावाचून होते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. कुल्फीचे दूध पुष्कळ आटवलेले असल्यामुळे त्यात मोकळे पाणीच कमी उरते. म्हणून साच्यात निश्चल गोठूनही ती खरखरीत होत नाही. कुल्फी दाट असते, आईस्क्रीम फुललेले असते. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी थोर आहेत. एकाच्या कृतीने दुसरे करू पाहणे मात्र फसते. आईस्क्रीमसाठी दूध बासुंदीसारखे आटवणाऱ्यांना याचा अनुभव येतो. फार आटवलेल्या दुधातील दुग्धशर्करा थंडीत वेगळी पडून खाताना दाताखाली बारीक वाळू आल्यासारखे वाटते.

आता प्रत्यक्ष बेत. तीन लिटरच्या डब्यात दोन लिटरांहून अधिक मिश्रण घालू नये, कारण ते फुगते. सायीसकट दीड लिटर दूध उकळून सव्वा लिटरवर आणावे. त्यातच पाव किलो साखर आणि थंड दुधात कालवलेली चमचाभर आरारोट घालून पुन्हा एक उकळी द्यावी. साखर हात सैल सोडून घालू नये. जास्त साखरेचे मिश्रण हात दुखेपर्यंत फिरवले तरी पातळच राहते. आंबा हापूस असो, केसर असो वा गोव्याचा मानकुराद, अर्धा लिटर रस गाळून घ्यावा आणि दूध पूर्ण गार झाल्यावरच त्यात मिसळावा. गरम दुधात आंबट रस पडला तर दूध नासते.

दूध गार करण्याचा आळस करू नये, हे मी पुन्हा सांगतो. दोन लिटर मिश्रण तीस अंशांवरून शून्यावर आणण्यासाठीच अर्ध्या किलोहून अधिक बर्फ खर्ची पडतो, आणि तोवर हँडल फिरवणाऱ्यांचा उत्साहही. रात्री दूध आटवून शीतकपाटात ठेवावे, सकाळी संचा काढावा. लाकडी बादली वर्षभर कोरडी राहिली असेल तर तिच्या फळ्या आकसून फटी पडलेल्या असतात. तीही रात्रभर पाणी भरून भिजत घालावी. त्याच वेळी डब्याच्या आतील बाजूस नजर टाकावी. तांब्या-पितळेच्या डब्याची कल्हई उडाली असेल, तर त्यात आंबट फळाचे दूध मुळीच घालू नये.

बर्फ सात-आठ किलो आणि खडे मीठ दीड किलो पुरते. लादी गोणपाटात गुंडाळून मोगरीने सुपारीएवढे खडे करावेत. प्रथम डबा बसवून पंखा मोकळा फिरतो ना हे पाहावे, मग भोवती चार बोटे बर्फ, त्यावर मुठीने मीठ, असे थर द्यावेत. फिरवताना सहा भाग बर्फास एक भाग मीठ योग्य. त्याने शून्याखाली दहा-बारा अंश थंडी मिळते. मीठ अधिक घातले की काम लवकर होईल, हा तरुणांचा हिशेब चुकतो. डब्याची कडा एकाएकी दगडासारखी धरते, वल्हे अडकते आणि मधले दूध तसेच राहते. प्रारंभी लहान मुलांनी फिरवावे. हँडल हलके असते. वीस-पंचवीस मिनिटांनी ते जड लागू लागते, तेव्हा घरातील धट्ट्याकट्ट्यांना बोलवावे. हात अगदीच चालेना झाला की आतील मिश्रण तयार झाले असे समजावे.

येथवर गमतीचा भाग झाला. यापुढील दोन गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. थंडीने जंतू मरतात, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो खोटा आहे. थंडीने जंतूंची वाढ थांबते, एवढेच. पोटात गेल्यावर ऊब मिळताच ते पुन्हा कामाला लागतात. बाजारातील लादी बहुधा पिण्याच्या पाण्याची नसते. मासळी, भाजी वा यंत्रसामग्री गार ठेवण्यासाठी ती बनवलेली असते. म्हणूनच असा अखाद्य बर्फ ओळखता यावा यासाठी त्यास निळसर रंग देण्याचा नियम 2018 साली करण्यात आला. परंतु सर्वत्र तो पाळला जाईलच या भरवशावर आपण राहू नये. डब्याबाहेर तो बर्फ चालतो, आत त्याचा थेंबही जाता कामा नये. बादलीच्या बाजूस झाकणापेक्षा खालच्या पातळीवर एक भोक असते, ते पाणी वाहून जावे म्हणूनच. काटकसरी मंडळी त्यात चिंधी कोंबतात आणि खारे पाणी चढत चढत झाकणातून आत शिरते. त्याने चव बिघडते ती बिघडतेच. पण त्याबरोबर आत काय गेले हे चवीवरून कळत नाही. म्हणून भोक मोकळे ठेवावे आणि झाकण उघडण्यापूर्वी वरचा बर्फ हाताने दूर सारून, झाकण व त्याची कड स्वच्छ फडक्याने पुसूनच ते उचलावे. लादीचा तुकडा चोखावयास मागणाऱ्या बालगोपाळांना मात्र घरच्या पाण्याचा बर्फ द्यावा. कच्चे अंडे घालण्याची काहींची रीत आहे, तीही सोडलेली बरी.

दुसरी गोष्ट हातांची. खारे पाणी बर्फाहून कितीतरी अधिक थंड असते. मुले पैज लावून त्यात बोटे बुडवून धरतात आणि कातडी पांढरी पडून बधिर होते. भाजण्याइतकीच ती इजा आहे. बर्फ ढकलण्यास लाकडी डाव घ्यावा.

पंखा काढला की डबा लगेच वाढावयास घेऊ नये. त्याला चिकटलेले आईस्क्रीम कोणी चाटावयाचे, हा ज्या त्या घरचा प्रश्न आहे. त्यात बाहेरच्याने पडू नये. डब्याच्या तोंडावर केळीचे पान व झाकण घट्ट बसवून झाकणाचे छिद्र बुचाने बंद करावे. भोवतीचे पाणी काढून टाकून चार भाग बर्फास एक भाग मीठ असा नवा थर द्यावा आणि सगळ्यावर ओले गोणपाट टाकून तास-दीड तास सावलीत ठेवावे. या मुरण्याने आईस्क्रीमला धार येते. ज्यांना एवढा धीर नाही ते पातळ आईस्क्रीम खातात आणि त्यांचेही काही बिघडत नाही. हैदराबादेस मोअज्जमजाही मार्केटातील हाताने फिरवलेल्या आईस्क्रीमची ख्याती ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी पावसाळ्यानंतर याच रीतीने सीताफळाचा गर घालून पाहावा. मात्र बिया काढण्याचे काम दोघांनी वाटून घ्यावे.

शेवटी बादलीत उरलेले पाणी तुळशीत किंवा गच्चीवरील कुंड्यांत ओतू नये. मिठाने झाडे जळतात. ते मोरीत सोडून वर दोन बादल्या साधे पाणी घालावे, आणि डबा, चाके व हँडल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत. चाकांच्या दात्यांना खोबरेल तेलाचे बोट फिरवून मगच संचा माळ्यावर चढवावा.